आधी तिला

चहाचा कप हातात आला तरी ती लगेच तोंडाला लावायची नाही. आधी गळ्यातल्या टाकाजवळ न्यायची, वाफ त्याला लागू द्यायची आणि म्हणायची, "आधी तिला." मग स्वतः घोट घ्यायची. तोवर चहावर साय धरलेली असायची.

तुम्ही जुन्या माणसांतले असाल तर तुम्हाला सांगायला नको. नसाल तर सांगते. पहिली बायको मेली आणि माणसानं दुसरी केली, की आमच्यात दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायचे. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं. नवं लुगडं आणलं, गजरा आणला, घरात गोड केलं, सगळं आधी टाकाला दाखवायचं, मग आपण घ्यायचं. नाहीतर गेलेली बाई घराला त्रास देते म्हणतात. आता कोणी बांधत नाही. हिच्या गळ्यात मात्र शेवटपर्यंत होता.

चाळीत तिला सगळे धाकटी म्हणायचे. मेलेली ती थोरली, ही धाकटी. केस पांढरे झाले, दात गेले, तरी धाकटीच.

मानपाड्याच्या बाजूला आमची चाळ होती. तिची खोली आणि माझी खोली, मधे फळ्यांचं पार्टिशन. इकडं शिंकलं की तिकडं कळायचं. माझा नवरा लवकर गेला, पोरं लहान, रडत बसायला सवड नव्हती. तिनंच मला गाळ्यात कामाला लावलं. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं यायची, त्यांच्या कडेला राहिलेली खरड ब्लेडनं काढायची. दिवसभर मान खाली. तोंड तेवढं मोकळं, म्हणून बायका बोलायच्या.

कोणी वडापाव आणला तर हिचा पहिला घास टाकाला. बायका चिडवायच्या.

"अगं, तिला मिरची सोसते का विचार आधी."

"तिची मज्जा आहे बाई. काम ना धंदा, आणि बसायला जागा ती पण सवतीच्या गळ्यात."

ही हसायची. "राहू दे. तिचंच घर आहे. मी मागनं आले."

गाळ्यात ती माहेरचं सांगायची. तिचं माहेर वर घाटावर, जुन्नरकडं. लहानपणी म्हशी राखायची. एकदा म्हशीच्या पाठीवर झोप लागली. म्हैस आपली चालत नदीच्या डोहात जाऊन बसली, तरी हिला जाग नाही. कमरेपर्यंत पाणी आलं तेव्हा डोळे उघडले. पोहता येत नव्हतं. मग म्हशीची शिंगं धरून बसली, म्हैस उठेपर्यंत. संध्याकाळी घरी आली तर बापानं मारलं नाही. म्हणाला, "म्हशीला अक्कल आहे म्हणून माझी पोरगी घरी आली." आणि म्हशीला गूळ दिला.

हे सांगताना ती ब्लेड खाली ठेवायची. दोन्ही हातांनी शिंगं धरून दाखवायची. आम्ही कितीतरी वेळा ऐकलेलं, तरी हसायचो.

आणि बाजरी कापताना विळा बोटावर बसला ते. पार हाड दिसलं. तिनं दगडीपाला चावून चावून बोटावर दाबला, वरनं चिंधी बांधली आणि हातातली ओळ पुरी करूनच उठली. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट. वण मोठा होता.

आणि तिच्या आईची शेंगोळी. हुलग्याच्या पिठाची. आई ताट उपडं घालायची आणि त्याच्या पाठीवर बोटांनी वळायची, म्हणजे शेंगोळीला ताटाच्या रेघा पडतात आणि रस्सा आत धरतो. "पाटावर वळलेली शेंगोळी ती शेंगोळी नव्हेच," असं ती अगदी भांडून सांगायची.

हे सगळं तिचं. मी तिच्या तोंडून ऐकलेलं. म्हणून तर पुढचं मला कळलं.

थोरली मागं एक पोरगी ठेवून गेली होती, मंदा. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा मंदा अजून शाळेत जायची नव्हती. पोरगी हिच्या हातचं खायची नाही. ताट ढकलायची. "तू माझी आई नाहीस." बाप डायिंगच्या कंपनीतनं दमून यायचा. मंदानं त्याला विचारलं, माझी आई कशी होती, तर तो म्हणायचा, "गेलेल्या माणसाचं काय सांगायचं," आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. थोरलीच्या माहेरची माणसं याच्या दुसऱ्या लग्नावरनं रुसलेली, ती यायची बंद झाली. घरात थोरलीचा एक फोटो नाही. जे काय होतं ते धाकटीच्या गळ्यात.

एके संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते. पार्टिशनच्या पलीकडं मंदाचं रडणं चाललेलं. मग रडणं थांबलं. धाकटीचा आवाज आला.

"तुझी आई की नाही, लहानपणी म्हशी राखायची. एकदा काय झालं, म्हशीच्या पाठीवरच झोपली..."

माझी भाकरी तव्यावर करपली.

सगळी गोष्ट सांगितली तिनं. डोह, शिंगं, गूळ. पोरीनं विचारलं, "मग?" धाकटी म्हणली, "मग हा घास घे, सांगते." आणि पोरगी जेवली.

सकाळी गाळ्याच्या वाटेवर मी विचारलं, "हे काय गं?"

"पोरगी जेवत नव्हती, आक्का. विचारत होती आई कशी होती. मी कुठं बघितलंय तिला? काय सांगू?"

"म्हणून तुझं दिलंस?"

"माझ्याकडं दुसरं कुठनं येणार?"

मला वाटलं एकदोन दिवसांचं काम आहे. तसं होत नाही. पोराला एक गोष्ट दिली की ते रोज मागतं. विळ्याची गोष्ट गेली. शेंगोळी गेली. जत्रेत हरवली होती ते गेलं, भावाच्या जागी शाळेत जाऊन बसली होती ते गेलं. थोरलीचं माहेर खाली आंबिवलीकडं. तिकडं भात पिकतो, बाजरी कुठं? शेंगोळी कोण करतं? पण मंदाला कुठं ठाऊक होतं, आणि बाप भिंतीकडं तोंड करून ऐकत असला तरी बोलत नव्हता.

आणि गाळ्यात धाकटीनं माहेरचं सांगायचं सोडलं. बायकांनी म्हटलं, "ते म्हशीचं सांग की," तर म्हणायची, "विसरले." मंदा कधीमधी गाळ्यावर यायची ना, तिच्या कानावर पडायला नको.

मंदा मोठी झाली. अभ्यासात हुशार, तोंडानं फटकळ. आईचा तिला मोठा अभिमान. धाकटीला एकदा ताप आला, दोन दिवस कामावर गेली नाही. मंदा म्हणली, "माझ्या आईचं बोट कापलं तरी ती रानातनं उठली नव्हती. तू सर्दीनं आडवी होतेस."

मी तिथंच होते, काढा घेऊन गेलेले. मी धाकटीकडं बघितलं. तिनं हात गोधडीत घेतला. म्हणली, "खरं आहे बाई. तुझ्या आईची सर कोणाला येणार."

मंदा बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "सांग आता तिला. मोठी झालीय. कळंल."

"काय सांगू? तुझी आई मीच होते म्हणून?"

"खरं ते सांग."

"खरं सांगितलं तर तिची आई दुसऱ्यांदा मरंल, आक्का. आणि ह्या बारीला मी मारली असं होईल."

मी उठून घरी आले.

तिला स्वतःचं मूल झालं नाही. त्यावरनं लोक काय काय बोलायचे. ती फार मनावर घ्यायची नाही. म्हणायची, "एक आहे ना, पुरे." मंदाचं लग्न ठाण्याला झालं. जावई बँकेत. चाळ पाडून तिथं बिल्डिंग झाली, आम्ही दोघी पुन्हा शेजारी शेजारी. आता पार्टिशन फळ्यांचं नव्हतं, भिंत होती. धाकटीचा नवरा वारला. कुंकू पुसलं, मंगळसूत्र उतरवलं. टाकाचं काय करायचं कोणाला ठाऊक नव्हतं. एक म्हातारी म्हणली काढा, दुसरी म्हणली काढू नका. मग राहिला. ती मला म्हणली, "तो सुटला, मी सुटले नाही. आम्ही दोघी आहोत अजून."

मंदाला मुलगी झाली, सायली. सुट्टीत आजीकडं यायची. मंदा तिला जेवताना तेच सांगायची, "माझी आई की नाही, म्हशीवर झोपली आणि नदीला पूर आला..." पूर मंदानं घातलेला. गोष्ट वाढली होती. धाकटी बाजूला बसून मेथी निवडायची. स्वतःचं लहानपण दुसऱ्या बाईचं म्हणून ऐकायची. एकदा मंदा चुकली, म्हणली बापानं म्हशीला पेंड दिली. धाकटी पटकन म्हणली, "गूळ." मग मान खाली घालून म्हणली, "तूच मागं म्हणली होतीस, गूळ."

सायली गोड पोरगी. कोणी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं. "आजी, थोरल्या आजीचं सगळं माहितेय मला. तुझं सांग ना. तू लहानपणी काय करायचीस?"

धाकटीनं तोंड उघडलं. मी बघत होते. आत शोधत असावी, काही उरलंय का. मग म्हणली, "आमच्याकडं काय गं. काम होतं."

"काय बोअर आहेस आजी."

"आहे खरी."

पोरीनं तिचा हात हातात घेतला, बोटावरनं बोट फिरवलं. "हे कशाने झालं?"

"गाळ्यात. ब्लेड लागलं."

सायलीनं तो वण चेपून बघितला. "थोरल्या आजीला पण असाच असेल ना?"

"असंल," धाकटी म्हणली.

मग ते आंबिवलीचं झालं. ठाण्यात कुठल्यातरी लग्नात मंदाला थोरलीच्या माहेरचा एक माणूस भेटला. मामा गेलेला, पण मामी अजून आहे म्हणाला, या एकदा. सायली तेव्हा कॉलेजात. तिनं धरूनच ठेवलं. "आजी, तू पण चल. आपण तो डोह बघू. मला तिथे फोटो काढायचाय."

धाकटी माझ्याकडं आली. दारातच उभी राहिली. "आक्का, आता?"

"जाऊ नको. गुडघे दुखतात सांग."

"मी नाही गेले तरी त्या जाणार. मामी सांगणार, कसला डोह."

"मग होऊ दे. सुटशील."

ती टाक दोन बोटांत धरून उभी राहिली. मग म्हणली, "तू चल बरोबर."

कल्याणवरनं रिक्षा केली. मंदा, सायली, आम्ही दोघी म्हाताऱ्या. सगळीकडं बिल्डिंगी. मधेच एखादं भाताचं वावर, त्यात म्हशी नाहीत, डंपर उभे. मामीचं घर कौलारू होतं ते आता स्लॅबचं. मामी खाटेवर बसलेली, पार वाळलेली, पण नजर साफ. मंदाला जवळ घेऊन रडली. सगळ्यांना पाणी दिलं. धाकटीनं पेला टाकाला लावला. "आधी तिला." मामीनं ते बघितलं.

सायलीला धीर नाही. "मामीआजी, तो डोह कुठेय?"

"कसला डोह, बाय?"

"म्हशीचा. थोरली आजी म्हशीवर झोपलेली ना, तो."

मामी मंदाकडं बघते, सायलीकडं बघते. "म्हैस?"

"आमची आई राखायची ना म्हशी," मंदा म्हणली. "आणि बाजरी कापायला जायची..."

मामीचं तोंड उघडं राहिलं. मी धाकटीकडं बघितलं. घाबरली असेल असं मला वाटलं होतं. घाबरलेली नव्हती. पेला मांडीवर ठेवून ती मामीकडं बघत बसलेली, दवाखान्यात आपलं नाव पुकारायची वाट बघतात तशी.

मामीनं तिच्याकडं बघितलं, गळ्याकडं बघितलं.

मग म्हणली, "व्हता ना डोह. बुजवला. त्या तिकडं टॉवर झालाय ना, त्याच्या खाली गेला."

"शी. नेमका तोच," सायली म्हणली. तिनं टॉवरचा फोटो काढला.

मंदा आणि सायली बाहेर घर बघायला गेल्या. मामीनं धाकटीचा हात धरला.

"टाक बघितला मी तुझ्या गळ्यातला. इतकी वर्सं आमच्या बायला वागवलंस. मी तुझं सांगणं खोटं पाडू का?"

धाकटी म्हणली, "ती कशी होती हो?"

"कोण, आमची? मुकी व्हती जवळजवळ. पाण्याला लय भ्यायची. विहिरीवर पाठवली की रिकामी कळशी घेऊन परत यायची, मग मीच भरून द्यायची. सुकट भाजून दिली का खुश. भात लावताना तेवढी गाणं म्हणायची, तेव्हा आवाज फुटायचा तिला. बाकी काय नाय. साधी व्हती."

"हे मंदाला सांगू नका," धाकटी म्हणली.

"नाय सांगत."

परत येताना मंदा पुढं ड्रायव्हरशेजारी, सायलीच्या कानात गाणी लावलेली. धाकटी माझ्या कानाशी हळू म्हणली, "आक्का, मला वाटलं सुटले."

मी तिचा हात धरला. मामीनं चांगलंच केलं होतं, आणि चांगलं करून हिचं दार बाहेरनं लावून घेतलं होतं. आधी हिच्याकडं आपलं सांगायची सोय नव्हती. आता थोरलीचं खरं कळलं, तेही सांगायची सोय उरली नाही.

त्यानंतर ती आजारीच राहिली. खिडकीशी बसायची. गुडघ्यांनी खाली उतरता येत नव्हतं. मी दुपारी जायचे. एकदा दारातनं ऐकलं, टाकाशी बोलत होती.

"पाण्याला भ्यायचीस होय गं? आणि मी तुला डोहात बसवली. एवढी वर्षं भिजत ठेवली."

मला बघून हसली. म्हणली, "माफी मागत होते." आणि मग, "आक्का, सुकट आणशील का थोडी? भाजून तिला दाखवू." मी आणली. भाजली. सगळ्या मजल्यावर वास सुटला, शेजारचे गुजराती ओरडले. तिनं टाकाला दाखवली, एक तुकडा तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं. तिला सुकट कधीच आवडली नव्हती.

दिवाळीच्या आधी गेली. झोपेतच.

चौदाव्याला पान वाढायचं होतं. गेलेल्या माणसाला आवडायचं ते त्या पानात ठेवतात, तुम्हाला माहीत आहे. सायली पहाटेपासून स्वयंपाकाला. नोकरी लागलीय आता, तरी घरात सगळं करते. मी गेले तर ती ताट उपडं घालून त्याच्या पाठीवर शेंगोळी वळत होती. बोटं तशीच चालत होती, आतून बाहेर, हलकी.

"थोरल्या आजीची रीत," मला म्हणली. "तिच्यासाठी पण एक पान करतेय. धाकट्या आजीला आवडलं असतं ना, आधी तिला वाढलेलं."

मंदा विळीवर कोथिंबीर चिरत बसलेली. डोळे सुजलेले. टाक तिनंच धाकटीच्या गळ्यातला सोडवून देव्हाऱ्यात ठेवलेला, धुऊन पुसून.

सायलीनं हात पुसले आणि माझ्यासमोर बसली. "आक्काआजी, एक विचारू? धाकट्या आजीला काय आवडायचं? आम्ही आठवतोय काल रात्रीपासून. तिच्या पानात काय ठेवू, आम्हाला कळतच नाहीये."

मंदाची विळी थांबली. तीही माझ्याकडं बघायला लागली.

मला सगळं ठाऊक होतं. म्हैस, डोह, गूळ, बाजरी, बोट. सगळं तोंडाशी आलं. पण ते धाकटीचं होतं, आणि तिनं देऊन टाकलेलं. दिलेलं परत आणणारी मी कोण?

"शेंगोळीच ठेव," मी म्हटलं. "तिलाही आवडायची."

"खरंच? कधी बोलली नाही."

"बोलायची नाही ती."

दोन पानं मांडली. सायलीनं पातेलं घेतलं, डाव बुडवला आणि सवयीनं देव्हाऱ्यासमोरच्या पानाकडं वळली.

"सायली," मी म्हटलं, "आजच्या दिवस धाकटीला आधी वाढ."

"का?"

"कायम मागनं खाल्लं तिनं. गार झालेलं."

पोरीनं मंदाकडं बघितलं. मंदानं देव्हाऱ्यातल्या टाकाकडं बघितलं. मग म्हणली, "वाढ. आधी तिला."

सायलीनं पहिला डाव धाकटीच्या पानात घातला. रस्सा पत्रावळीवर पसरला, शेंगोळ्यांच्या रेघांत शिरला. वाफ वर गेली. देव्हाऱ्यात टाक होता. त्याचं पान तोवर रिकामं राहिलं.